तक्रारीचं फ्रेंच

फ्रेंचसरांनी उभ्या आयुष्यात एकही फ्रेंच माणूस पाहिलेला नव्हता आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. ते ज्या सरांकडे फ्रेंच शिकले, त्यांनीही पाहिला नव्हता. त्या सरांच्या सरांनी म्हणे एकदा बंदरावर लांबून एक पाहिला होता, पण तो नंतर बेल्जियमचा निघाला. अशा रीतीने फ्रेंच माणसाचा वाराही न लागलेलं, संपूर्ण निर्जंतुक असं फ्रेंच सर वर्षानुवर्षं वरच्या वर्गांना शिकवत होते. मुलं क्रियापदं घडाघडा म्हणायची, रिकाम्या जागा भरायची, उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातूनच उचलून लिहायची आणि भरघोस मार्क मिळवायची. बोलण्याचा प्रश्नच येत नव्हता. बोलणार कोणाशी?

तो प्रश्न नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी आणला.

"सर, यंदापासून तोंडी परीक्षा आहे," बाई म्हणाल्या. "बाहेरून परीक्षक येणार आणि मुलांशी गप्पा मारणार."

"गप्पा?" सरांनी विचारलं. त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"गप्पा. फ्रेंचमधून. मुलं बोलली तर विषय चालू राहील. नाही बोलली, तर पुढच्या वर्षी ते तास बागकामाला देऊ. बागकामाला शिक्षक हवाच आहे." एवढं बोलून बाईंनी सरांच्या हातांकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की सरांनी ते आपोआप पाठीमागे नेले.

सर तडक वर्गावर गेले आणि नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी मुलांना फ्रेंचमधून विचारलं, "काय, कसे आहात?" वर्ग उभा राहिला आणि एका सुरात 'असणे' हे क्रियापद त्यानं तिन्ही पुरुषांत, दोन्ही वचनांत चालवून दाखवलं. एकही चूक नाही. सर मटकन खुर्चीत बसले.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी बायकोपुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं. बायको एका दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर काम करायची. तिनं चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "अहो, मग वरच्यांना विचारा ना."

"वरचे कोण?"

"सेक्रेटरींनी आपल्या डोक्यावरचा फ्लॅट भाड्यानं दिलाय ना? बिस्किटांच्या कारखान्यात नवी भट्टी बसवायला आलेत ते. फ्रेंच आहेत."

सरांचा कप ओठापर्यंत जाऊन थांबला. "कशावरून?"

"त्यांनीच सांगितलं. काल जिन्यात भेटले."

"तू बोललीस त्यांच्याशी? कुठल्या भाषेत?"

"भाषा अशी काही नव्हती. बोललो."

यात बायकोला काहीच विशेष वाटत नव्हतं. दिवसभर जबड्याला भूल दिलेली, तोंडात कापसाचे बोळे कोंबलेली माणसं तिच्याशी पुढच्या तारखेबद्दल बोलायची आणि तिला सगळं कळायचं. त्यांच्या मानानं फ्रेंच माणूस म्हणजे अगदी स्पष्टवक्ता.

सरांना मात्र आनंदानं घरात फिरायला जागा पुरेना. खराखुरा, जिवंत फ्रेंच माणूस, आणि तोही बरोब्बर आपल्या डोक्यावर राहतोय! इतके दिवस आपण त्याच्या पायांचा आवाज ऐकतोय आणि आपल्याला कळलंही नाही! त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आरशासमोर उभं राहून एक वाक्य तयार केलं. वाक्य साधंसुधं नव्हतं. त्यात दोन उपवाक्यं होती, एक संकेतार्थ होता आणि शेवटी अशी काही अदबशीर कलाटणी होती, की तसं वाक्य फ्रान्समध्येही हल्ली कोणी बोलत नसेल. पण मनात हेही येऊन गेलं: आजवर आपलं फ्रेंच आपण आणि मुलं यांच्यातच राहिलं. उद्या त्या माणसाला ते फ्रेंचच वाटलं नाही तर?

वर जाताना समोरच्या काकू जिन्यात भेटल्या. काकूंना सगळं आधीच माहीत होतं. "परदेशी माणसाशी हळू आणि मोठ्यानं बोलायचं असतं सर," त्या म्हणाल्या. "मी रोज बोलते. जे-व-लां-त का! असं. बरोब्बर कळतं त्यांना."

सरांनी बेल वाजवली. दार उघडलं. दारात एक उंच, रुंद, उदास मिशांचा माणूस उभा होता. सरांनी डोळे मिटून वाक्य म्हणून टाकलं. त्या माणसानं ते नीट ऐकून घेतलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "उई."

उई म्हणजे हो! सर जिना जवळजवळ घरंगळतच खाली आले. "कळलं! अगं, त्यांना कळलं! हो म्हणाले!"

"कशाला हो म्हणाले?"

"मी विचारलं, आपण आमच्या शाळेत मुलांशी बोलायला याल का, की आपल्याला त्याचा त्रास होईल?"

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग सरही बघत राहिले. शेवटी बायकोनंच हात पुसले, वर गेली आणि पाच मिनिटांत खाली येऊन म्हणाली, "येतील. शनिवारी. कारखान्याला सुट्टी असते."

शनिवार ठरला, पण घोडं अडलं ते शाळेच्या ऑफिसात. हेडक्लार्कनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाहेरची व्यक्ती वर्गात आणायची म्हणजे 'अतिथी मार्गदर्शक' या सदरात घालावी लागेल. पात्रता काय त्यांची?"

"ते फ्रेंच आहेत."

"ते राष्ट्रीयत्व झालं. पात्रता?"

"त्यांना फ्रेंच येतं."

"दाखला?"

"अहो, मातृभाषा आहे ती त्यांची!"

"सर," हेडक्लार्क शांतपणे म्हणाले, "माझी मातृभाषा मराठी आहे. मी मराठीत दोनदा नापास झालोय. मातृभाषेचं काही सांगू नका. त्यांना फ्रेंच येतं असा तज्ज्ञाचा दाखला आणा."

"आता तज्ज्ञ कुठून आणू?"

"शाळेच्या दप्तरी फ्रेंचचे तज्ज्ञ म्हणून तुमचंच नाव आहे."

तेव्हा सर तिथेच बाकावर बसले आणि त्यांनी लिहिलं, की सदर गृहस्थांची मी समक्ष चाचणी घेतली असून त्यांना फ्रेंच भाषा समाधानकारक येते. या चाचणीत तोवर एक 'उई' सोडला तर काही नव्हतं. हेडक्लार्कनी कागद वाचला. "समाधानकारक? उत्तम का नाही लिहिलंत?"

"एवढ्यात कसं लिहिणार?" सर म्हणाले. पैकीच्या पैकी मार्क त्यांनी आजवर कोणालाच दिले नव्हते. फ्रेंच असला म्हणून काय झालं?

शनिवारी शाळेच्या वाचनालयात मुलं कडक गणवेशात बसली होती. मुख्याध्यापिकाबाई स्वतः हजर होत्या. पाहुण्यांसाठी शिपायानं अडगळीच्या खोलीतून कोरीव पाठीची एक भारदस्त खुर्ची आणून, पुसून, मधोमध ठेवली होती. सेक्रेटरींची मुलगी याच वर्गात होती. ती इतक्या शंका काढायची, की शाळेत तिचं नावच 'शंका' पडलं होतं. ती पहिल्या बाकावर कान टवकारून बसली होती. मस्यू आले. मस्यू म्हणजे फ्रेंचमध्ये महाशय. मुलांनी त्यांना पहिल्या मिनिटापासून तेच नाव देऊन टाकलं.

मस्यूंनी खुर्चीकडे पाहिलं, पाठीवर हात ठेवून तिला जरा हलवलं आणि भरभर काहीतरी बोलले. एवढं भरभर, की सरांच्या कानावरून एक वाऱ्याची झुळूक तेवढी गेली. सगळा वर्ग सरांकडे बघायला लागला. बाईही बघायला लागल्या.

"मस्यू म्हणतात," सर घसा खाकरून म्हणाले, "की तुमच्यात येऊन बसायला मिळालं, याचा त्यांना अतिशय आनंद होतो आहे."

शंकाचा हात वर गेला. "सर, पण शेवटचा शब्द 'शेझ' होता. शेझ म्हणजे खुर्ची ना?"

"बसणं आलं की खुर्ची आलीच," सर म्हणाले. "बसा, मस्यू, बसा!"

मस्यूंनी सरांकडे एकदा निरखून पाहिलं, खांदे उडवले आणि ते बसले.

मुलांनी पाठ करून आणलेले प्रश्न सुरू केले. तुम्हाला वसंत ऋतू आवडतो का? उई. तुम्हाला संगीत आवडतं का? नों. नों म्हणजे नाही. तुमचा छंद कोणता? यावर मस्यूंनी मिशीवरून हात फिरवला आणि खिडकीबाहेर बघितलं. तुमच्या गावाबद्दल चार ओळी सांगा. "लहान आहे," मस्यू म्हणाले. उरलेल्या तीन ओळींची वर्गानं बराच वेळ वाट पाहिली. सरांना दरदरून घाम फुटला. सगळ्या फ्रान्समध्ये बोलघेवड्या माणसांचा सुकाळ असेल, आणि आपल्या वाट्याला नेमका हा तोंडाला कुलूप लावलेला माणूस यावा? मुख्याध्यापिकाबाई घड्याळाकडे आणि मग खिडकीतून बागेकडे बघायला लागल्या.

आणि तेवढ्यात खुर्ची मोडली.

साधी मोडली नाही. आधी कुरकुरली, मग एका अंगाला कलली, आणि मग कोरीव पाठीसकट मस्यूंना घेऊन धाडकन जमिनीवर आली. वर्ग श्वास रोखून उभा राहिला. मस्यू जमिनीवर बसल्या बसल्या हातातल्या खुर्चीच्या पायाकडे बघत होते. मग त्यांनी तोंड उघडलं.

काय बोलले म्हणता! बांध फुटावा तसे बोलले. पहिल्यांदा खुर्चीबद्दल बोलले: आपण आधीच सांगितलं होतं खुर्ची मोडकी आहे म्हणून, दोनदा सांगितलं होतं, पण या जगात कोणी ऐकून घेत नाही! मग खुर्चीवरून गाडी खोलीतल्या पलंगावर गेली, पलंगावरून उशीवर, उशीवरून नळावर. तो नळ! रात्रभर टप टप टप! हाताचं बोट वर-खाली करून त्यांनी नळ करून दाखवला. उशीचा दगड करून दाखवला. दाबली की थांबायचं नावच न घेणारी, एक अख्खं गाणं वाजवणारी दाराची बेल त्यांनी सुरासकट वाजवून दाखवली. आणि नवल म्हणजे मुलांना कळत होतं! हातवाऱ्यातून कळत होतं, चेहऱ्यावरून कळत होतं, आणि राहिलेलं त्या पाठ केलेल्या शब्दांतून कळत होतं.

"आणि नळ, मस्यू? रोबिने?" शंका न राहवून ओरडली. "तो सकाळीपण गळतो?"

"सकाळीपण!" मस्यूंनी दोन्ही हात वर फेकले. "सकाळी जास्त!"

"अरेरे! लाजिरवाणं आहे!" मागच्या बाकावरून कोणीतरी फ्रेंचमधून म्हणालं. हा शब्द मस्यूंनीच दोन मिनिटांपूर्वी वापरला होता. मस्यूंनी त्या मुलाकडे इतक्या कृतज्ञतेनं पाहिलं, की बास.

घंटा झाली तरी कोणी उठेना. सर तर उभ्या उभ्या तरंगत होते. खुर्चीच्या भाषांतराचा विषय मुलांनी मोठ्या मनानं काढला नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी काढला, पण जाता जाता, आणि तोही एका भुवईनं.

त्या दिवसापासून मुलं शनिवारची वाट बघायला लागली. सरांना गुरुकिल्ली सापडली होती: मस्यूंना छंद विचारायचा नाही, त्रास विचारायचा. एका शनिवारी उशी झाली. एका शनिवारी खिडकी झाली. ती बंद होत नव्हती, आणि बंद झाली की उघडत नव्हती. गच्चीवरची टाकी भरून वाहते, त्यावर तर भूतकाळाचे सगळे प्रकार होऊन गेले. मुलं उलट प्रश्न विचारायची, सहानुभूती दाखवायची, मध्येच आपलं दुःख सांगायची. व्हरांड्यात पोरं एकमेकांना फ्रेंचमधून सांगायला लागली, की माझं दप्तर जड आहे, ही काय पद्धत झाली, मी आता हे सहन करणार नाही! सरांची छाती फुगून शर्टाची बटणं ताणली जायला लागली. मागच्या बाकावर बसून तेही ऐकायचे. अर्धं कळायचं, अर्धं निसटायचं. पण मस्यूंशी स्वतः बोलायची वेळ आली, की सर हळूच कोणातरी मुलाला पुढे करायचे. संकेतार्थासकट वाक्य तयार होईपर्यंत विषय बदललेला असायचा.

सगळं असं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं, आणि दृष्ट लागलीच. शंकानं घरी जेवताना सराव केला.

"'रात्रभर नळ गळतो, लाजिरवाणं आहे,' म्हणाली ही," सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी सरांच्या दारात उभे राहून सांगत होते. चेहरा लालबुंद. "मी विचारलं, कोणाचा नळ? तर माझा! सर, माझ्या नळाची बदनामी वर्गात चालते, आणि तीही फ्रेंचमधून! उद्या परदेशात कळलं तर सोसायटीची काय शोभा राहील?"

"अहो, तो भाषेचा सराव..."

"मसूरसाहेबांनी मला एका शब्दानं सांगायचं होतं!" सेक्रेटरींना 'मस्यू' हा शब्द कधीच झेपला नव्हता. "सोमवारी बघा तुम्ही."

आणि सोमवारी सेक्रेटरींनी इभ्रतीला जागून प्लंबर आणला, सुतार आणला, नवी गादी आणली, पिसासारखी उशी आणली. बेल काढून साधी टिंग वाजणारी बसवली. टाकीलासुद्धा तरंगता गोळा लावला. एका दिवसात त्या घरात नाव ठेवायला जागा उरली नाही.

शनिवारी मस्यू आले ते शीळ घालत. खुर्चीच्या अपघातानंतर बाईंनी त्यांना आपली स्वतःची गुबगुबीत खुर्ची देऊ केली होती. तिच्यात ते सुखानं रेलले.

"सा व्हा, मस्यू?" मुलांनी विचारलं. म्हणजे, काय, कसं काय?

"सा व्हा," मस्यू म्हणाले. म्हणजे, बरंय.

आणि संपलं! उशी? छान. खिडकी? छान. नळ? मस्यूंनी अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली आणि समाधानानं डोळे मिटले. शंकानं हवामान काढून पाहिलं. हवामान छान होतं. एकानं कारखान्यातल्या भट्टीवर घसरायचा प्रयत्न केला. भट्टी उत्तम चालली होती. मस्यू इतके सुखात होते, की अख्ख्या तासात त्यांच्या तोंडून धड वाक्य निघालं नाही. दहा दिवसांवर परीक्षा, एकच शनिवार हातात, आणि हा माणूस सुखी झालेला!

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. आणि मग भर दुपारी, शाळेतून परतताना, त्यांच्या मनात एक विचार आला. तो इतका सोपा होता, की त्यांना एकदम उत्साहाचं भरतं आलं. एक नळ. फक्त एक नळ. जरासा सैल करायचा, एवढंच. माणसाचा फार मोठा छळ व्हायला नको, पण बोलण्यापुरता त्रास झाला पाहिजे.

"सेक्रेटरीसाहेब, तुमच्या दुरुस्तीची फार तारीफ ऐकली," सर म्हणाले. "एकदा बघावी म्हणतो. आमच्याकडेही करायचंय." सेक्रेटरी विरघळले आणि त्यांनी आनंदानं आपल्याजवळची किल्ली काढून दिली. मस्यू कारखान्यात होते. सर खिशात पाना घालून वर गेले.

आता, ज्या माणसानं आयुष्यात बल्बसुद्धा बायकोला हाक मारून बदलला, त्यानं नळाला हात घालू नये. पण सरांना ते सांगणार कोण? त्यांनी पाना लावला, व्याकरणाचा नियम पाळावा तसा काळजीपूर्वक डावीकडे फिरवला. काही झालं नाही. उजवीकडे फिरवला. काही झालं नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी, दात आवळून, सगळं वजन घातलं आणि नळ मुळासकट हातात आला. पाण्याची धार त्यांच्या छातीवर अशी आदळली, की ते भिंतीला जाऊन टेकले. त्यांनी भोकावर हात ठेवला. पाणी बोटांमधून चारी दिशांना उडालं. त्यांनी टॉवेल कोंबला. टॉवेल उडून दिव्यावर लटकला. पाणी न्हाणीघरातून खोलीत आणि खोलीतून झिरपत खाली निघालं. खाली कोणाचं घर आहे याचा सरांनी विचार केला नव्हता. खाली त्यांचंच घर होतं.

आणि दारात मस्यू उभे होते.

भट्टीची चाचणी यशस्वी झाल्यामुळे त्यांना लवकर सोडलं होतं. हातात ताज्या बिस्किटांचा पुडा होता. समोर फ्रेंचसर, डोक्यापासून पायापर्यंत चिंब, एका हातात पाना, एका हातात नळ.

पुढे करायला आता एकही मूल नव्हतं. सरांनी तोंड उघडलं. संकेतार्थ पाण्याबरोबर वाहून गेला होता, उपवाक्यांचा पत्ता नव्हता. जे हाताला लागेल ते सर बोलत सुटले. "मी... नळ. मी तोडला. हो, मी! मुद्दाम! तुम्ही सुखी, तुम्ही गप्प. मुलं गप्प. परीक्षा येते! फ्रेंच बंद! आणि मी... मी कधी फ्रेंच माणसाशी बोललो नाही. तुम्ही पहिले. मला तुमची भीती वाटते. खुर्चीच्या वेळी मला काही कळलं नव्हतं. माफ करा. पाणी थंड आहे!"

मस्यूंनी पुडा कोरड्या जागी ठेवला, मुख्य कॉक बंद केला, आणि सरांकडे वळले. मग जे सुरू झालं, त्यापुढे खुर्चीचा दिवस म्हणजे काहीच नव्हे! त्यांनी सरांना गाढव म्हटलं. शहाण्यासुरत्या माणसाला पाना धरता येत नाही याबद्दल म्हटलं. इतक्या दिवसांनी मला धड झोप लागत होती, ती तुम्हाला बघवली नाही, म्हटलं. सर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. कळत होतं! शब्द न् शब्द कळत होता! आयुष्यात कोणी इतकं स्पष्ट, इतकं ओघवतं, इतकं सुंदर त्यांना झापलं नव्हतं.

"तुम्हाला पाना धरायला शिकवलं कोणी?" मस्यू गरजले.

"कोणी नाही!" सर आनंदानं ओरडले. "आमच्या पुस्तकात पाना नाही! फक्त ऋतू आहेत!"

मस्यू थांबले. मिशा थरथरल्या. आणि मग तो उदास माणूस असा हसत सुटला, की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. दोघं पलंगाच्या कडेवर बसले आणि बिस्किटं खाऊ लागले.

"सगळं बरं चाललेलं असताना माणसानं काय बोलायचं?" मस्यू म्हणाले. "मला कधी जमलंच नाही ते. घरी बायको म्हणते, तुमचा आवाज ऐकायला काहीतरी मोडावं लागतं."

"माझी बायको म्हणते, माझा आवाज थांबवायला," सर म्हणाले. आणि मस्यू पुन्हा हसले.

तेवढ्यात बायको दारात आली. पर्स अजून खांद्याला होती. "अहो, आपल्या दिवाणखान्यात पाऊस पडतोय," ती शांतपणे म्हणाली. मग मस्यूंकडे वळून तिनं मराठीत काहीतरी विचारलं, मस्यूंनी फ्रेंचमध्ये उत्तर दिलं, दोघांनी माना डोलावल्या आणि मस्यू बादली आणायला गेले. तिच्या मागोमाग हाशहुश करत सेक्रेटरी आले आणि त्यांच्यामागून शंका.

"माझा नवा नळ!" सेक्रेटरी किंचाळले. "कोणी तोडला?"

सरांच्या अंगात फ्रेंच अजून वाहतच होतं. "मी तोडला, मुद्दाम तोडला, मी गाढव आहे," ते फ्रेंचमधूनच म्हणाले.

"काय म्हणतायत?" सेक्रेटरींनी मुलीला विचारलं.

शंकानं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा नळाकडे पाहिलं. "म्हणतायत की बाबा, प्लंबरनं काम कच्चं केलं होतं. बरं झालं आधीच कळलं."

उरलेल्या शनिवारचा विषय अर्थातच फ्रेंचसर हा होता. मस्यूंनी पाना, धार आणि दिव्यावरचा टॉवेल यांसकट सगळं सांगितलं. सर मध्ये मध्ये चुका दुरुस्त करत होते, म्हणजे मस्यूंच्या नव्हे, घटनेच्या. मुलं हसून हसून बाकांखाली गेली, आणि तास संपला तेव्हा प्रत्येकाला पाण्याशी संबंधित यच्चयावत क्रियापदं येत होती.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक वयस्कर, करारी बाई आल्या. वाचनालयाचं दार बंद झालं. सर बाहेर दाराला कान लावून, आणि मुख्याध्यापिकाबाई सरांना कान लावल्याबद्दल रागवत, पण स्वतःही जवळच.

"तुला कोणता ऋतू आवडतो?" आतून प्रश्न आला.

"कुठलाच नाही," एका मुलाचं खणखणीत उत्तर आलं. "उन्हाळ्यात पंखा आवाज करतो. थंडीत अंथरुणातून ओढून काढतात. पावसाळ्यात बूट वाळत नाहीत. ही काय पद्धत झाली?"

सरांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या मुलीला कुटुंबाबद्दल विचारलं. धाकट्या भावाचे अपराध तिनं वर्तमान, भूत आणि भविष्य अशा तिन्ही काळांत सांगितले. मग शंकाची पाळी आली आणि तिनं उलट परीक्षकबाईंनाच विचारलं, "तुम्ही थकलेल्या दिसता. प्रवास वाईट झाला का?"

मुख्याध्यापिकाबाईंनी सरांचा दंड धरला.

"आता काय सांगू तुला!" परीक्षकबाईंचा आवाज आला. आणि मग तो थांबेच ना. गाडी, गाडीतली थंडगार हवा, शेजारचा घोरणारा माणूस, विश्रामगृहातली गादी! मुलं "खरंच?", "मग तुम्ही काय केलंत?", "आणि उशी?" असं मध्ये मध्ये विचारत होती. आवाज चढत गेले.

"भांडण चाललंय का हो आत?" मुख्याध्यापिकाबाईंनी घाबरून विचारलं.

"नाही बाई," दाराला लावलेला कान न काढता सर म्हणाले. "गप्पा चालल्यात."

परीक्षकबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे गाल लाल झाले होते आणि चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसत होता. त्यांनी सरांना फ्रेंचमधून काहीतरी विचारलं, सरांनी काहीतरी सांगितलं, त्या खळखळून हसल्या आणि गेल्या. त्या फाटकाबाहेर पडल्यावर सरांच्या लक्षात आलं, की आपण वाक्य तयार करायला विसरलो होतो.

विषय राहिला. नुसता राहिला नाही, पुढच्या वर्षासाठी नावं नोंदवायला रांग लागली. काही पालक मात्र घरात पोरं सारखी फ्रेंचमधून कुरकुरतात म्हणून भेटायला आले. बागकामाला दुसरे सर मिळाले.

भट्टीचं काम संपलं आणि मस्यूंची जायची वेळ आली. टॅक्सी दारात उभी होती. सरांनी बॅग खाली आणून दिली आणि "बों, मस्यू," म्हणजे बरंय, महाशय, एवढंच म्हणून हात पुढे केला. काही मोडलेलं नव्हतं, गळत नव्हतं, तेव्हा उत्तराची अपेक्षाही नव्हती. मस्यूंनी हात धरला आणि सोडलाच नाही. ते बोलायला लागले. मुलांबद्दल बोलले. सरांच्या बायकोबद्दल बोलले, की तिच्याइतकं नीट फ्रेंच इथे कोणालाच कळत नाही. उशीबद्दल बोलले, जिन्यात जेवणाची चौकशी करणाऱ्या बाईंबद्दल बोलले, आपल्या लहानशा गावाबद्दल बोलले: तिथली नदी, पूल, पुलावर राहणारं म्हातारं कुत्रं. टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. मस्यू गाडीत बसले आणि खिडकीतून बोलत राहिले. एक शब्द सरांना कळला नाही, तर सरांनी गाडीबरोबर चालता चालता तो विचारून घेतला. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हाही मस्यूंचा हात खिडकीबाहेर हलत होता, आणि नुसता निरोपाचा नव्हे, काहीतरी समजावून सांगत असल्यासारखा.

समोरच्या काकू गॅलरीतून वाकून बघत होत्या. "एवढं काय हो सांगत होते?" त्यांनी विचारलं. "कसली तक्रार होती?"

"तक्रार नव्हती काकू," सर म्हणाले. "सगळं छान होतं म्हणाले."

"एवढा वेळ?"

"हो ना!" सर जवळजवळ ओरडलेच. "एवढा वेळ!"